विजयी टायरांनी तळे घालविले त्याची हकीकत

॥ श्री ॥ बुद्धी वाटणारा गजानन सर्वांसमोर परात धरितो, ज्याने त्याने झेपेल तितकी उचलावी, त्यास प्रथम नमन करून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, पौष मास, ते समयी एका राज्यात जे घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिणे नाही. लिहिले तर तेथील दिवाण आम्हांवर फिर्याद करतील, आणि फिर्यादीतही काही तरी चुकवून ठेवतील. लिहिणाराचे नावही कोणी पुसू नये.

या राज्याच्या उशाशी घाट, घाट चढून वर गेले की सपाटी, आणि सपाटीच्या त्या टोकास दुसरे राज्य, आणि दोहोंमध्ये सीव कोठे हा तंटा पूर्वापार. वाडवडिलांनी लढून लढून अखेर कंटाळून एक रिवाज पाडिला तो ऐसा की दर बारा वर्षांनी, पौषी पौर्णिमेस, सूर्याची कोर दिसताच दोन्ही वेशींवर तोफ व्हावी, आणि दोन्हीकडचे गादीचे धनी आपापल्या वेशीतून निघावे, आणि जेथे समोरासमोर भेट होईल तेथे दगड रोवावा, तीच पुढील बारा वर्षांची सीव. वाहन कोणते यास बंधन नाही. पूर्वी घोडी होती, मग मोटारी आल्या. धन्यास अडचण असेल तर घरचे कोणीही माणूस जाऊ शके, मात्र गादीचा मानाचा फेटा त्याच्या मस्तकी पाहिजे. रिवाज म्हणावा तर शहाणपणाचा, रक्त सांडत नाही; पण शहाणपणाच्या रिवाजासही पाळणारे कोण मिळतात यावर सारे आहे.

या राज्याचे धनी श्रीमंत गुणाजीराव महाराज. उंची बेताची, मिशी भरघोस, आणि अक्कल उंचीवर गेलेली. बारा वर्षांमागे महाराजांनी विलायतेहून एक तांबडी स्पोर्ट्स गाडी आणविली, दोनच माणसे बसतील ऐसी, जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसणारास आधी लोळण घ्यावी लागे, आणि आवाज ऐसा की गाभण म्हशी दचकाव्या. तीत बसून महाराज त्या साली निघाले आणि घाट चढून सपाटीवर पार पुढे जाऊन पलीकडच्या धन्यास गाठिले, आणि सीव दोन कोस सरकली, आणि राज्यात साखर वाटिली. वास्तविक त्या साली आभाळ भरलेले होते, थंडी नावालाही नव्हती, गाडीचे टायर कोवळे होते, आणि पलीकडच्या धन्याची जीप वाटेत दोनदा बंद पडून बिचारा खाली उतरून धक्का मारीत होता. परंतु हे दरबारात कोणी काढीत नसे. दरबारात एवढेच म्हणत की महाराजांनी मुलूख मारिला.

मुलूख मारिला तो महाराजांनी, परंतु त्याचे सार्थक केले ते राणीसाहेब दर्याबाईंनी. शहरास पाणी नव्हते. बायका नदीच्या डोहावर जाऊन घागरी आणीत आणि उन्हाळ्यात डोहातही चिखलच निघे. बाईंनी जिंकिलेल्या मुलखात घाटमाथ्यास एक खोलगट जागा हेरिली, अंगावरचे दागिने मोडिले, स्वतः उन्हात उभे राहून बांध बांधविला, आणि तळे भरविले, आणि घाटातून पाट काढून पाणी शहरात घरोघर पोचविले. बाईंना लेकरू नव्हते. तळे पहिल्याने काठोकाठ भरले त्या दिवशी बाई बांधावर बसून रडल्या, ते ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. महाराज त्या दिवशी गाडी पुसवून घेत होते.

आता टायरांचे वर्तमान ऐकावे. फत्ते झाल्यावर दिवाण त्रिंबकपंत यांनी हुजुरास अर्ज केला की महाराज, ही चाके सामान्य नव्हेत, यांस आता रस्त्याची धूळ लागू देणे म्हणजे मुलखाचा अपमान. लगेच हुकूम सुटला आणि चारी टायरांस 'विजयी' ऐसा किताब मिळाला, आणि गाडी गाडीखान्यात मखमली गवसणीखाली गेली, आणि वर्षातून एकदा दसऱ्यास बाहेर यावी, चौकात एक फेरी घ्यावी, टायरांस हळदकुंकू व्हावे, झेंडूच्या माळा पडाव्या, आणि गाडीखान्याचे दरोगे हैबतराव यांनी खोबरेल चोळून चोळून रबर ऐसे चमकवावे की पंतांस त्यात आपले तोंड दिसावे. पंत तोंड पाहून खूशही होत. हैबतराव दर दसऱ्यास टायरांच्या खाचेत रुपया उभा घालून दाखवीत, त्याची कड बुडे, म्हणजे खाच झिजली नाही. आणि नव्या टायरांवर रबराचे बारीक केस असतात तेही दाखवीत, ते शाबूत होते. आणि सारा दरबार म्हणे, 'नवे कोरे!' या दरबाराचा सिद्धांत ऐसा की जी वस्तू वापरिली नाही ती म्हातारी होत नाही. त्या न्यायाने दरबाराची बुद्धीही नवी कोरीच होती म्हणावयाची.

मग बारा वर्षे सरली आणि पौर्णिमा जवळ आली, आणि त्या साली थंडी ऐसी पडली की पहाटे गवतावर दव गोठून पांढरे दिसू लागले, आणि म्हातारी माणसे शेकोटी सोडीनात. दर्याबाईंचे माहेर डोंगरी मुलखातले, थंडी त्यांस ठाऊक, आणि गाडी त्या स्वतः हाकीत. त्यांची आपली एक लहान निळी गाडी होती, बाजारात, बांधावर, कोठेही जाई. बाई गाडीखान्यात आल्या, गवसणी दूर केली आणि विजयी टायरावर अंगठ्याचे नख रोविले. नख उमटले नाही, नखच दुमडले. मग आपल्या गाडीच्या टायरावर रोविले तो तेथे खूण उठली. बाईंनी महाराजांस बोलावून आणिले आणि म्हणाल्या, "बघा हे. आपले टायर लाकूड झालेत. खाचा खोल आहेत म्हणून काय झालं, रबर आतून वाळून गेलंय. बाजूला छापलंय बघा कधीचे ते, अकरा सालातला सत्ताविसावा आठवडा. शिवाय ही जात उन्हाळ्याची. गारठ्यात नवेसुद्धा लगेच पकड घेत नाहीत, जरा चालवून ऊब आणावी लागते, मग धरतात. हे तर ऊब आली तरी धरणार नाहीत. आठ दिवस आहेत. नवे घाला, नाही तर माझी गाडी न्या."

महाराज म्हणाले, "तुमची ती डबी? त्यात बसून मी सीवेवर जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक पाणी मागतील," बाई म्हणाल्या. "तळं गेलं तर लोक तुमच्याकडेच पाणी मागतील."

झाले. यावर मसलत बसली. अहो, टायरास नख लावून पाहावयाचे एवढे काम, त्यास मसलत! पंतांनी टायरावरचे ते चार आकडे, दोन, सात, एक, एक, पाहिले, बेरीज केली, ती अकरा आली, आणि पंत म्हणाले, "अकरा! महाराज, अकरा रुद्र! या चाकांवर साक्षात शंकराचा हात आहे आणि आपण ती काढून टाकायची?" हैबतरावांनी रुपया घालून दाखविला. कड बुडाली. दरबार म्हणाला, नवे कोरे. बाई म्हणाल्या, "पंत, रुपया खाचेत जातो, रस्ता खाचेत जात नाही. रस्त्याला लागतं ते वरचं रबर, ते मेलंय." पंत हसले आणि म्हणाले, "बाईसाहेब, विजय मिळवलेली चाकं बदलायची म्हणजे लग्नातला नवरा ऐन वेळी बदलण्यासारखं आहे." बाई म्हणाल्या, "तेही कधी कधी बरं असतं." यावर कोणास हसावे कळेना, म्हणून सर्वांनी महाराजांकडे पाहिले, आणि महाराजांनी मिशीस पीळ देऊन निकाल दिला की विजयी टायर राहतील, आणि थंडीचा बंदोबस्त हैबतरावांनी करावा. थंडीचा बंदोबस्त! वाघाचा करतात, चोराचा करतात, हे थंडीचा करणार.

तो हैबतरावांनी कैसा केला तेही लिहितो. पौर्णिमेच्या पहाटे चारी टायरांस चार शाली गुंडाळिल्या, त्यांतली एक पंतांच्या घरची होती, आणि एका बाजूस शेगडी पेटवून ठेविली. दुसऱ्या बाजूस भिंत होती, तेथे शेगडी मावली नाही. म्हणजे दोन टायर बाहेरून कोमट आणि दोन थंडगार ऐसा प्रकार झाला. वर पूजा राहू नये म्हणून एकदा खोबरेल फिरविले. थंडीने खोबरेल गोठले होते ते शेगडीवर पातळ करून घेतले. याहून जास्त बिघडविणे माणसाच्या हाती नव्हते, नाही तर तेही केले असते.

इतक्यात पूर्वेस कोर दिसली, तोफ झाली, वाजंत्री वाजली आणि महाराजांनी मानाचा फेटा सावरून ॲक्सिलरेटर दाबिला. इंजिन डरकाळले, मागची चाके जागच्या जागी गरगरा फिरली आणि गाडी वेशीतच तिरपी झाली. लोक म्हणाले, वा! त्यांस वाटले महाराज मुद्दाम करितात. घसरण आवरणारे एक यंत्र गाडीत होते, त्याचा पिवळा दिवा समोर लुकलुकू लागला, त्यास महाराज म्हणाले, "आम्हांला शिकवतोस?" आणि बटण दाबून ते यंत्र बंद केले. मग गाडी सरळ झाली, आणि सरळ रस्त्यावर सरळ गाडी कोणाचीही जाते, तैसी ती गेली, आणि महाराजांस वाटले फत्ते. वेशीपासून कोसभरही न जाता घाटाचे पहिले वळण लागते. तेथे डोंगराची सावली, ऊन दुपारपर्यंत पोचत नाही, रस्ता दवाने ओला. महाराजांनी वेग आवरिला नाही. बारा वर्षांमागे आवरिला नव्हता म्हणून. स्टेअरिंग उजवीकडे वळविले, पुढची चाकेही उजवीकडे वळली, परंतु गाडी सरळच गेली. महाराजांनी ब्रेक दाबिला, तो गाडीने शेपूट पुढे आणिले आणि आपणाभोवती एक पूर्ण फेरी घेतली, आणि मग शांतपणे रस्ता सोडून खालच्या म्हशींच्या डबक्यात जाऊन बसली. पोट चिखलात, चाके अधांतरी. महाराजांस ओरखडाही नाही. फेटासुद्धा हलला नाही, एवढे तरी कौतुक करावे.

अजून काही गेले नव्हते हे ध्यानात घ्यावे. बाई आपल्या निळ्या गाडीतून मागोमाग येत होत्या, सावकाश, टायर तापू देत. त्यांनी वळणावर गाडी उभी केली, काठाशी येऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "लागलं का कुठे?" महाराज म्हणाले, "आम्हांस काय होतंय!" बाई म्हणाल्या, "मग फेटा द्या. मी जाते. घाट चढून वर पोचले की तळं वाचलं. अजून वेळ आहे."

महाराज चिखलात उभे, गुडघाभर, आणि म्हणतात, "फेटा? इथं? या हैबतरावासमोर डोकं उघडं करू?" कारण हैबतराव आणि पंत मागून धापा टाकीत येऊन पोचले होते. बाई म्हणाल्या, "हैबतराव, तिकडे तोंड करा. पंत, तुम्हीही. आता द्या." महाराज म्हणाले, "क्रेन बोलावली आहे. गाडी निघेल. या गाडीनंच जाईन."

तेव्हा बाई डबक्यात उतरल्या. पातळ भिजले, चिखल गुडघ्यास आला, आणि त्यांनी महाराजांपुढे हात जोडिले. आजवर त्या बाईने कोणापुढे हात जोडिले नव्हते. म्हणाल्या, "अहो, मी तुमच्याकडे आजपर्यंत काही मागितलं नाही. दागिने मोडले तेव्हा तुम्ही विचारलं नाही, मीही बोलले नाही. ते तळं माझं लेकरू आहे. खाली पाच हजार घरं पाणी पितात त्याचं. तुमचं हसू व्हायचं ते होऊन गेलंय, आता निदान पाणी वाचू द्या. फेटा द्या हो." हे ऐकून हैबतरावांनी खरोखरच तोंड फिरविले आणि डोळे पुसले. महाराजांचा हात फेट्याकडे गेला. खरे ते लिहावे, हात गेला. परंतु पंत काठावरून बोलले, "महाराज, राणीच्या डोक्यावर गादीचा फेटा, पुढं इतिहासात काय लिहितील?" आणि हात खाली आला. पंतांस इतिहासाची मोठी काळजी. तर लिहिले आहे पंत, वाचून घ्या.

घटकाभर ऐसे चालले असेल नसेल, तोच घाटातून एक पांढरी लहान गाडी वळणे घेत खाली येताना दिसली. तीत पलीकडच्या राज्याच्या साळूबाईसाहेब. मागल्या खेपेस जीपला धक्का मारणारे धनी ते त्यांचे यजमान, ते वारले, तेव्हापासून गादी बाई सांभाळीत होत्या. वय सत्तरीपुढे, डोळ्यांस जाड चष्मा, फेट्याखाली लोकरी कानटोपी, आणि मागल्या सीटवर भाजीची पिशवी. त्या सपाटी ओलांडून, जुन्या सीवेचा दगड ओलांडून, तळे ओलांडून, सारा घाट उतरून तेथवर आल्या होत्या, आणि वाटेत त्यांस कोणीच भेटले नव्हते. गाडी उभी करून, काच खाली करून त्या म्हणाल्या, "हे काय? मला वाटलं मी चुकीच्या दिवशी निघाले. तुमची वेस तर ती दिसतेय!" पंतांनी विचारिले, "बाईसाहेब, या थंडीत, ओल्या घाटात, आपण आलात कशा?" साळूबाई म्हणाल्या, "कशा म्हणजे? दिवाळीत टायर नवे घातले आणि सावकाश निघाले. अहो पंत, सकाळी उठल्याबरोबर माझे गुडघेसुद्धा वळत नाहीत, थोडं चालल्यावर वळतात. रबराला तेवढा तरी वेळ द्यावा की नाही माणसानं?" सत्तर वर्षांच्या म्हातारीस जे गुडघ्यावरून कळले ते या दरबारास तळे जाईतो कळले नाही.

रिवाजाप्रमाणे दगड तेथेच रोविला, डबक्याच्या काठी. तळे गेले, पाट गेला, घाट गेला, सपाटी गेली. दर्याबाई चिखलातून वर आल्या आणि रस्त्याच्या कडेस बसून मोठ्याने रडल्या, कोणाची लाज न धरिता. साळूबाई खाली उतरल्या, जवळ बसल्या, आणि विचारत्या झाल्या, "वर ते तळं कुणी बांधलं?" "मी." "बांधाला गळती आहे का?" "उत्तरेच्या कोपऱ्यात थोडी. यंदा काढणार होते." साळूबाई म्हणाल्या, "मग काढा. तळं तुमच्या हातीच राहू दे, माझ्याकडे ते समजणारं कुणी नाही. पाणी कुणाला किती सोडायचं ते तुम्हीच ठरवा, मी विचारणार नाही. एवढंच की तळं आता माझ्या हद्दीत, राहायला तिकडे यावं लागेल." दर्याबाईंनी डोळे पुसले, महाराजांकडे एकवार पाहिले, आणि निळ्या गाडीत बसून दगडापलीकडे निघाल्या. महाराज ओरडले, "अहो, निदान गाडी ओढायला दोर तरी देऊन जा!" बाई थांबल्या नाहीत.

पुढे दरबारात चौकशी बसली आणि निकाल लागला की दोष थंडीचा आहे. टायरांवर ठपका आला नाही, महाराजांवर तर येणेच नव्हते, आणि राज्य आटोपशीर झाले म्हणून पंतांनी कमान उभारविली. शहरास पाणी पूर्वीप्रमाणेच येते. दर्याबाईंनी पाट एक दिवसही बंद केला नाही, शहराच्या कोणत्याही घरास एक थेंब कमी पडला नाही. फक्त महालाकडे जाणारी निराळी नळी होती ती बाईंनी उत्तरेच्या गळतीबरोबर बुजविली, आणि महालासाठी सीवेच्या दगडाशी एक तोटी ठेविली, वाटसरू, गुराखी आणि महाल या सर्वांस मिळून. प्रथम महाराज चाकर पाठवीत. परंतु चाकरांच्या घरी पाणी भरपूर, महालात न्यायचे म्हणजे कोसभर ओझे, तेव्हा एकाची कंबर धरिली, दुसऱ्याची मावशी आजारी पडली, आणि हैबतराव तर सरळ तळ्यावर नोकरीस गेले. अखेर चैत्रात, तीन दिवस आंघोळ न घडल्यावर, श्रीमंत गुणाजीराव महाराज स्वतः कळशी घेऊन सीवेवर आले. तोटीशी रांग होती. आणि त्या दिवशी बांधाची पाहणी करून खाली आलेल्या दर्याबाई तेथे उभ्या होत्या. महाराज पुढे होऊन म्हणाले, "ओळखलंत ना?"

बाई म्हणाल्या, "ओळखलं. या म्हाताऱ्या गुराख्याच्या मागे उभे राहा."

महाराज उभे राहिले.

येणेप्रमाणे हकीकत. चार टायर न बदलिल्याने मुलूख गेला, फेटा न उतरविल्याने तळे गेले, आणि तळ्यापाठोपाठ राणी गेली. थंडी मात्र माघातच संपली होती. इतके लिहून लेखणी ठेविली.